खोबरेल, थोडे चालेल

संपादकांचा फोन आला, "मॅडम, यंदा दिवाळी अंकात तुमच्या दवाखान्यातल्या प्राण्यांच्या गमतीजमती लिहा ना." मी म्हटलं, प्राण्यांच्या गमती माझ्याकडे फारशा नाहीत. प्राणी बिचारे सरळ असतात. दुखलं की ओरडतात, नको असलं की चावतात, बरं वाटलं की शेपूट हलवतात. माझ्याकडे जे आहे ते त्यांच्या माणसांचं, आणि त्यात गंमत कमी, डोकं फिरवणारं जास्त. ते म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून बसले आहे.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अठ्ठावीस वर्षं माझा जनावरांचा दवाखाना होता. गेल्या वर्षी तो एका तरुण डॉक्टरच्या हाती सोपवला. दवाखाना काढण्याआधी काही वर्षं मी कल्याण, आंबिवलीकडच्या तबेल्यांत म्हशी बघत हिंडले. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला म्हशींचा अनुभव कशाला, असं लोकांना वाटतं. मला मात्र तबेल्याची आठवण नौपाड्यात रोज यायची. तबेलेवाला खरं बोलायचा. "बाई, काल सरकी दोन घमेली जास्त पडली, रात्रीपासून रवंथ बंद आहे." संपलं. निदान निम्मं झालेलंच असायचं. शहरात कुत्रं टेबलावर उलट्या करत असतं, आणि त्याला कडेवर घेऊन आलेली बाई डोळ्यांत पाणी आणून सांगते, "काही म्हणजे काही नाही दिलं हो डॉक्टर, फक्त त्याचं ते पाकिटातलं खाणं." तेवढ्यात कुत्रं पुन्हा ओकतं आणि टेबलावर बासुंदी पडते. चारोळ्यांसकट.

आमच्या कामाची खरी अडचण हीच आहे. पेशंट बोलत नाही. त्याच्या वतीने जो बोलतो तो घाबरलेला तरी असतो किंवा शरमलेला तरी. त्यामुळे तपासायला हात लावायच्या आधी आम्हाला माणसाची उलटतपासणी करावी लागते. मी ती जोरात करायचे. माझा आवाज मुळात मोठा, त्यात तबेल्यात कमावलेला. माझी मदतनीस सुनंदा रोज आंबिवलीहून यायची, पंचवीस वर्षं माझ्याबरोबर होती. ती म्हणायची, "मॅडम, तुम्ही विचारायला लागलात की बाहेर बसलेल्यांची पण कुत्री गप्प होतात." मला तेव्हा यात कौतुक वाटायचं.

मग मोबाइल आले, आणि खाण्यापिण्याच्या प्रश्नांना ऊत आला. हळद द्यायची का, अळशी द्यायची का, ताक चालेल का, लसूण दिला तर गोचीड पळतात म्हणे, खरं का? लसूण कुत्र्याला अपायकारक असतो हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की मलाच लसणीची चटणी खाताना दचकायला होतं. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांतली गिऱ्हाइकं तर छापील यादी घेऊन यायची. पण सगळ्यांत जास्त वेळा ज्याने माझं डोकं खाल्लं तो प्रश्न खोबरेल तेलाचा. केस चमकतात, खाज जाते, तोंडाचा वास जातो, म्हातारपणी बुद्धी शाबूत राहते. खोबरेलाने काय होत नाही ते विचारा. कोकणातल्या माणसाला तर हे कुणी सांगावंही लागत नाही. त्याचा त्यावर जन्मापासून विश्वास.

वालावलकर काका कुडाळकडचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, आमच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. बायको गेल्यावर मुलाने, अमोलने, त्यांना घोडबंदर रोडच्या आपल्या बाविसाव्या मजल्यावर न्यायचा प्रयत्न केला. काका आठ दिवस राहिले आणि परत आले. मग अमोलने आणि सून रश्मीने आपला बिट्टू त्यांच्याकडे आणून सोडला. दोघं दिवसभर ऑफिसला, कुत्रं घरात एकटं, इकडे म्हातारा एकटा, म्हणून. शनिवार-रविवार बिट्टू मुलाकडे, बाकीचे दिवस काकांकडे.

बिट्टू म्हणजे आठ वर्षांचा पांढरा पामेरियन, वजन साडेचार किलो. काका शिस्तीचे. सकाळी सहाला फिरायला, साडेआठला दूध न घालता कुस्करलेली पोळी आणि उकडलेली कोंबडी, दुपारी झोप. कुत्र्याशी मालवणीत बोलायचे, माणसांशी जेमतेम बोलायचे.

डिसेंबरात ते त्याला घेऊन आले. पाठीवरचे केस निस्तेज झालेले, कातडी कोरडी, खाजवून खाजवून शेपटीच्या मुळाशी लाल झालेलं. मी पिसवा बघितल्या, औषध लिहिलं, शाम्पू बदलून दिला. काका उठेनात.

"डॉक्टर, एक विचारू?"

"विचारा."

"खोबरेल चालेल का पोटात द्यायला? सून म्हणते, तिने मोबाइलवर बघितलं. आणि माझ्याकडे घरचं आहे. भावाने डबा पाठवलाय, आमच्याच माडांचं, घाण्यावर काढलेलं."

त्या दिवशीचा हा तिसरा खोबरेलवाला होता. तरी मी समजावलं. म्हटलं, काका, गरज नाही. त्याने खाज जाते याला भक्कम पुरावा नाही. तेल म्हणजे निव्वळ चरबी. तुमचं वजन साठ किलो, याचं साडेचार. तुमच्या पोह्याच्या चमच्याने एक चमचा तेल याला दिलंत तर ते तुम्ही पाणी पिण्याचा अर्धा पेला तेल प्यायल्यासारखं आहे. काका ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "घरचं आहे हो. भेसळ नाही."

बाहेर एक लॅब्रेडोर भिंतीवर उड्या मारत होता. एका मांजराच्या टोपलीची कडी निघाली होती आणि सुनंदा मला हाका मारत होती. फोन वाजत होता. मी वैतागून म्हटलं, "घाला हो, घाला. थोडं घाला. पण थोडंच!" काकांचा चेहरा उजळला. मी कागदावर काहीतरी खरडलं, ते त्यांच्या फाइलीत गेलं आणि मी मांजर पकडायला धावले.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे केसपेपर मालकाकडेच असायचा. माझ्या वहीत फक्त नाव, वजन आणि दिलेलं इंजेक्शन. त्यामुळे मी काय लिहिलं ते त्या कागदाला माहीत आणि कागद ज्याच्या घरी त्याला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधीच काका पायरीवर बसलेले. बिट्टू टॉवेलात गुंडाळलेला. आदल्या संध्याकाळी मुलाकडून परत आला तेव्हापासून उलट्या, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. टेबलावर ठेवला तर तो पुढचे पाय लांब करून छाती टेकून उभा राहिला, मागचा भाग वर. दंडवत घालताना अर्ध्यात थांबावं तसा. पोट फार दुखत असलं की कुत्रं असं उभं राहतं. मी पोटाला नुसता हात लावला आणि तो कळवळला. हिरड्या बघायला तोंड उघडलं, तर आंबट ओकारीतूनही ताज्या खोबऱ्याचा घमघमाट आला.

"काका, तेल किती देत होता?"

"थोडंच."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं, डॉक्टर. तुम्ही म्हणालात तेवढंच."

"फाइल कुठे आहे?"

काका म्हणाले, "घरी राहिली." मी त्यावरूनही बोलले. इतकं आजारी जनावर घेऊन यायचं आणि कागद घरी विसरायचा?

रक्त काढलं. नळी उभी करून ठेवली की थोड्या वेळाने तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाण्यासारखा थर येतो. बिट्टूच्या नळीत वर दूध आलं. पांढरं, दाट. सुनंदाने वीस वर्षांत असं दोनदाच बघितलं असेल, तिने नळी माझ्यासमोर धरली. संध्याकाळपासून उपाशी असलेल्या कुत्र्याच्या रक्तात सकाळीसुद्धा इतकी चरबी तरंगत होती.

पोटाच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाची लांबट ग्रंथी असते. खाल्लेलं पचवणारे रस, त्यातही तेल-तूप पचवणारे, ती बनवते. तिला सूज आली की ते रस जिथे बनतात तिथेच काम सुरू करतात. म्हणजे ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. माणसालाही होतं हे, ज्यांना झालंय ते सांगतील कसं दुखतं. कुत्र्यात कित्येकदा कारण सापडत नाही. बिट्टूला ते तेलामुळेच झालं असं मी स्टँपपेपरवर लिहून देऊ शकत नाही. पण लहान, उतारवयाचं कुत्रं, आणि रक्ताची ती नळी. मला शंका नव्हती.

सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायचं आणि उलटी थांबायचं औषध दिलं. सोनोग्राफी करून आणली. सूज होतीच. मग रश्मीला फोन केला. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून आली. मुलगी हुशार आणि प्रामाणिक. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, मी पण देत होते. शनिवार-रविवार. बर्फाच्या ट्रेमध्ये तेल घालून छोट्या वड्या करून ठेवलेल्या फ्रीजमध्ये. त्याला आवडायच्या. काल तीन दिल्या."

"आणि काका रोज?"

रश्मी सासऱ्यांकडे वळली. "बाबा, कुठल्या चमच्याने?"

काकांनी बोटांनी चमचा दाखवला. पोह्यांचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यातून थंडीमुळे डब्यातलं तेल गोठलेलं. म्हणजे चमच्यात मावेल तेवढं नव्हे, चमच्यावर राहील तेवढं.

माझा तोल गेला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली होती हे सुनंदाने नंतर सांगितलं. साडेचार किलोचं जनावर आहे की समई, असं काहीतरी मी विचारल्याचं मला आठवतं. रश्मी रडायला लागली. काका बिट्टूच्या तोंडाखालचा टॉवेल बदलत राहिले.

संध्याकाळी अमोल आला. चाळिशीचा, दमलेला, कामाची बॅग पाठीवर तशीच. त्याने कुत्र्याकडे बघितलं, सलाइनच्या बाटलीकडे बघितलं आणि मला सरळ विचारलं, "मॅडम, तेल द्यायला तुम्ही सांगितलं होतं का?"

"मी?" मी म्हटलं. "मी कशाला सांगेन? मी काकांना स्वच्छ नाही म्हणून सांगितलं होतं."

हे मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तसंच आठवत होतं. समजावून सांगितलेलं, पेल्याचा हिशेब, सगळं आठवत होतं. त्यापुढचं वाक्य माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

अमोल वडिलांकडे वळला. "ऐकलंत, बाबा? डॉक्टरांनी नाही सांगितलं होतं. तरी तुम्ही दिलंत. रोज. दोनदा." काका काही बोलले नाहीत. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ कबुली असा घेतला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कुणीतरी या लोकांना बोललं पाहिजे, असं वाटलं.

मंगळवार वाईट गेला. उलट्या थांबल्या, पण बिट्टू डोकं उचलत नव्हता. काका सकाळी आठला त्याला घेऊन यायचे आणि दिवसभर टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचे. सलाइनची नळी हलू नये म्हणून त्याचा पाय धरून. "खंय दुखता रे तुका? सांग बघूया," असं हळू आवाजात चाललेलं असायचं. मी आत आले की ते थांबायचं. दुपारी सुनंदाने त्यांना आपल्या डब्यातली भाजी-भाकरी दिली, ती त्यांनी खाल्ली. मी चहा विचारला तर नको म्हणाले.

अमोल रोज संध्याकाळी यायचा आणि रोज काहीतरी बोलायचा. मोठ्याने नाही. त्याने आणखीच लागायचं. "तुमच्याच्याने होत नाही बाबा आता." "आईच्या वेळीही औषधाच्या वेळा तुम्ही असेच तुमच्या मनाने." हे वाक्य मंगळवारी आलं. मी समोर इंजेक्शन भरत होते. मला वाटलं, हे जरा जास्त होतंय. पण घरगुती बाब म्हणून मी तोंड उघडलं नाही. एरवी मी कशात तोंड घालत नव्हते?

बुधवारी दुपारी बिट्टूने मान वर केली. गुरुवारी त्याने पेजेचं पाणी चाटलं, मग कातडं काढून उकडलेल्या कोंबडीचे मुगाएवढे चार तुकडे खाल्ले आणि ठेवले पोटात. सुनंदाने देवाला हात जोडले. काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. त्याच संध्याकाळी अमोलने आपला निर्णय सांगितला. शुक्रवारी सलाइन सुटलं की बिट्टूला तो घोडबंदरला नेणार. कायमचा. दिवसा सांभाळायला बाई ठेवणार. "बाबांवर आता सोडू शकत नाही," तो मला म्हणाला, काका तिथे नसल्यासारखा. "तुम्हीच सांगा मॅडम, बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "पथ्य कडक पाळावं लागेल, एवढं खरं." म्हणजे होच.

शुक्रवारी दुपारी रश्मी आली. बिट्टूचं लसीकरणाचं कार्ड घ्यायला ती आधी काकांच्या घरी गेली होती, तिथे कपाटात तिला फाइल मिळाली. खोलीत आम्ही चौघंच होतो. ती, मी, सुनंदा आणि स्टुलावर काका. तिने फाइल टेबलावर उघडून ठेवली आणि बोट ठेवलं.

"मॅडम, हे तुमचंच अक्षर ना?"

माझंच. इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार? पिसवांचं औषध, शाम्पूचं नाव आणि खाली, घाईने तिरपं गेलेलं: खोबरेल – थोडे चालेल.

किती थोडं, कुठल्या चमच्याने, किती दिवस, काही नाही. मी एखाद्या नवशिक्या डॉक्टरचा असा कागद बघितला असता तर त्याला उभं-आडवं घेतलं असतं.

मी काकांना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"फाइल घरी राहिली म्हणालात, ती—"

"मुद्दाम ठेवून आलो."

"पण का? पाच दिवस अमोल तुम्हाला बोलतोय. मी बोलले. तुम्ही एकदा कागद समोर टाकला असतात तर?"

काकांनी बिट्टूच्या पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "तुम्ही चिडला असतात, डॉक्टर. आणि बिट्टू तुमच्या हातात होता."

त्यात आरोप नव्हता, टोमणाही नव्हता. आमच्याकडे पाणी बारा तास येतं, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. या माणसाला असं वाटलं होतं की माझी चूक मला दाखवली तर मी त्याच्या कुत्र्याकडे नीट बघणार नाही. आणि तसं वाटायला मी त्याला भरपूर कारण दिलं होतं. सुनंदा सलाइनची बाटली बघायला वळली, बाटली तासापूर्वीच संपली होती.

रश्मी म्हणाली, "अमोल सहाला येईल. मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते."

सहापर्यंत मी किती पेशंट बघितले, आठवत नाही. अमोल आला तेव्हा बाहेर बाक भरलेला होता. आत बोलावून, दार लावून सांगता आलं असतं. पण सोमवारी मी जे बोलले होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मी बाहेर आले, त्याच्या हातात फाइल दिली आणि म्हटलं, "तेल थोडं चालेल, असं मीच सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं. प्रमाण लिहिलं नाही. तुमच्या वडिलांनी मी सांगितलं तेच केलं. चूक माझी आहे."

त्याने वाचलं. परत वाचलं. "सोमवारी तुम्ही म्हणालात की नाही सांगितलं."

"मला तसंच आठवत होतं. आठवत नाही, असं म्हणायला हवं होतं."

"मॅडम, मी पाच दिवस..." काका तेव्हा बिट्टूला टॉवेलात घेऊन आतून येत होते. अमोल त्यांच्यासमोर उभा राहिला. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत मला? मला तरी सांगायचं."

"तू इथे येऊन भांडला असतास," काका म्हणाले. "चल आता. गाडी रस्त्यात लावली असशील."

अमोलने कुत्र्याला घ्यायला हात पुढे केले. काकांनी दिलं. मग अमोल काय विचार करत होता कोण जाणे, त्याने पायरी उतरता उतरता बिट्टूला परत वडिलांच्या हातात दिलं आणि स्वतः त्यांची पिशवी आणि औषधांची पुडकी घेतली. गाडी नौपाड्यातल्याच घराकडे वळली, असं सुनंदाने दारातून बघून सांगितलं. बिट्टू तिथेच राहिला.

अमोलने त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. रश्मीने मला आधी फोन करून सांगितलं, माफी मागत. मी म्हटलं, जे झालं तेच लिहिलंय ना, मग माफी कसली. घोडबंदरची सातआठ घरं यायची बंद झाली. काही वर्षांनी त्यातली दोन परत आली. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त वाईट मला दुसऱ्या गोष्टीचं वाटत होतं. मी मागची वर्षं आठवायला लागले. "काही नाही दिलं हो डॉक्टर" म्हणणारी ती सगळी माणसं. त्यांतल्या किती जणांनी मला घाबरून लपवलं? त्यामुळे किती जनावरांचं निदान उशिरा झालं? याचा पत्ता आता लागणार नाही.

एके दिवशी मी सुनंदाला विचारलं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारता तेव्हा पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं माणसाला. मला बाहेर सगळं सांगतात. आत गेले की विसरतात." वीस वर्षांत हे मला सांगावंसं तिलाही वाटलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. पेशंट आत यायच्या आधी सुनंदा बाकावर शेजारी बसून विचारायची, "काय काय खाल्लं आमच्या बाळाने?" आणि पाच मिनिटांत आख्खा मेनू घेऊन यायची. श्रीखंड, चकली, आज्जींच्या ताटातला माशाचा तुकडा, सगळं. मी कागदावर प्रमाण लिहायला लागले, मिलिलिटरमध्ये, मोठ्या अक्षरात. ते लिहिताना हात दुखायचा आणि चिडचिड व्हायची. लोक खोबरेलाचं विचारायचे थांबले नाहीत, तेव्हाही व्हायची. स्वभाव काही साठीत बदलत नाही. मी आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करायचे, आठवड्यातून दोनदा फसायचा.

काका महिन्यातून एकदा बिट्टूचं वजन करायला यायचे. भोपळा, भात, बिनचरबीची कोंबडी, यावर तो छान राहिला. केसही सुधारले, पिसवांच्या औषधाने. काका तेलाच्या डब्याबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अमोल शनिवारी बिट्टूला घ्यायला यायचा तो आता जेवायलाच थांबायला लागला, एवढं त्यांच्याकडून कळलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी, मी डबा उघडून बसले होते, तेव्हा काकांचा फोन आला.

"डॉक्टर, बटाटावडा," ते म्हणाले.

"काय बटाटावडा?"

"बिट्टूने खाल्ला. आख्खा. दहा मिनिटं झाली. खाली पडला नव्हता, मीच दिला. तो बघत होता माझ्याकडे."

मी चिडले. डबा बाजूला सारला आणि चांगलीच चिडले. वय काय तुमचं, तो बघत होता म्हणून द्यायचं का, जानेवारी विसरलात का, त्यात लसूण असतो ते कळत नाही का, सगळं बोलले. पलीकडून काका शांतपणे ऐकत होते. मध्येच घराच्या दाराला कुलूप लावल्याचा आवाज आला.

"झालं बोलून?" त्यांनी विचारलं. "मी जिन्यात आहे. रिक्षा मिळाली तर पाच मिनिटं, नाही तर चालत दहा. तुम्ही उलटी करवायचं इंजेक्शन भरून ठेवा."